अव्वाच्या सुपातला फोन

नरसव्वानं माझा फोन सांभाळला. हे आधी लिहून ठेवतो, कारण बाकीचं सांगायला लागलो की मी घाबरतो आणि मुख्य माणूस राहून जातं.

ती आमच्या टॉवेल कारखान्यामागे एका खोलीत राहायची, विड्या वळायची. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. मी गोंदियाकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. सगळे तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणत; मीही म्हणू लागलो.

माझा थोरला भाऊ मनोहर परदेशात स्वयंपाक्याच्या हाताखाली काम आहे म्हणून गेला. एजंटनं आपल्याला लढाईतल्या फौजेच्या हवाली केलं, असं त्याच्या शेवटच्या निरोपात होतं. त्यानंतर पत्ता नाही. गावी आईकडे रेंज नसते, म्हणून त्याच्या शोधासाठी केलेल्या प्रत्येक सरकारी अर्जावर माझाच नंबर. आणि मी दिवसभर कारखान्यात यंत्रमागावर. तिथे शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही; जमीनच एवढी थरथरते की खिशातला फोन वाजतोय की नाही, कळत नाही. मनोहरचा फोन आला आणि मी उचललाच नाही तर? या भीतीनं कामातलं लक्ष उडायचं.

अव्वाच म्हणाली, "हितं सुपात ठेव की. मी कुटं जाते?"

मग रोज सकाळी विडीच्या पानांशेजारी माझा फोन. संध्याकाळी परत मिळायचा तेव्हा त्याला तंबाखूचा वास. ती एकही फोन तोडायची नाही. कर्ज देणारे, विमा विकणारे, बक्षीस लागलं सांगणारे, सगळ्यांना विचारायची, "कुटनं बोलता बाबा? आमचं मनोहर हाय का तितं?" मी म्हणायचो, हे चोर असतात.

"असू दे की. चोर बी कुटं तरी बसूनच बोलतंय न्हवं?"

कर्जवाली एक पोरगी तर पुढे पुढे कर्जाचं बोलायचीच नाही. "अव्वा, आला का भाऊ?" एवढं विचारून फोन ठेवायची.

एका दुपारी अव्वा कारखान्यात शिरली. अनवाणी, फोन डोक्यावर उंच धरलेला. तोंड हलत होतं, आवाज खडखडाटात बुडालेला. तिनंच दांडा ओढून माझा माग थांबवला.

बाहेर आल्यावर कळलं. लांबलचक परदेशी नंबर होता. कुणी माणूस न कळणाऱ्या भाषेत बोलत होता. अव्वा "मनोहर, मनोहर" म्हणत राहिली. तो गप्प झाला, मग तोही "मनोहर" म्हणाला आणि फोन तुटला. आम्ही पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. नंबर अर्ज घेणाऱ्या सरकारी साहेबांना दिला. चौकशी चालू आहे म्हणतात.

"अव्वा, ओळखून म्हणाला का?"

शेजारच्या बायका तिला खुणावत होत्या. एक तर बोललीच, "व्हय म्हन की गं, पोरगं दोन घास खाईल."

"न्हाय म्हनत," अव्वा म्हणाली. "नाव घेतलं, येवढं खरं. वळखून घेतलं का माझ्यामागं म्हनलं, मला कळलं न्हाय. माझ्या पदरचं घालून देऊ का? हे पोरगं त्याच्यावर जन्म काढंल."

तेव्हा मला तिचा लई राग आला. पण आठवडी बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आलेल्या आईला हे सांगताना माझ्याही तोंडात "ओळखून" हा शब्द आला होता. गिळला. आई म्हणाली, "एवढं तर एवढं."

यंदा अव्वाची बोटं चालेनाशी झाली आणि मुलगी तिला होटगीला घेऊन गेली. जाताना तिनं फोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "उचलत जा. कुनाचा बी असू दे."

आता तो मागाशेजारी डोळ्यांसमोर ठेवतो. काम कमी, फोनचा उजेड लागतो का ते जास्त बघतो. परवा कर्जवाल्या पोरीचा फोन आला. अव्वा होटगीला गेली, म्हणालो. मग तिनं मलाच विचारलं, "आला का भाऊ?"

अव्वाकडे स्वतःचा फोन नाही. म्हणून, अव्वा, चौकशीचं उत्तर येईल त्या दिवशी माग बंद करून मी होटगीला येईन. आईनंतर पहिलं तुला. असेल तसं सांगेन. माझ्या पदरचं काही घालणार नाही.