सात तोळ्यांचा स्टो

एक स्टो घ्यायला किती दिवस लागतात? दुकानात जायचं, घ्यायचा, पिशवीत टाकायचा, संपलं. आम्हाला सव्वा वर्ष लागलं! आणि त्या सव्वा वर्षात स्टोवर खिचडी कमी शिजली, किस्सेच जास्त शिजले. आता मी कुणाकडं हळदी-कुंकवाला गेले तरी बाया म्हणतात, "शैलाताई, ते स्टोचं सांगा ना!" मंग मी पदर खोचून बसते, आणि घरी पोळ्या राहून जातात.

आधी माणसं सांगते. चारच आहोत. सकाळी मोती तलावावर फिरायला जाणारे. देशमुख सर, भूगोल शिकवून रिटायर झालेले; अजूनही उत्तर दिशा दाखवल्याशिवाय त्यांना बोलता येत न्हाई. विमलताई, सरकारी दवाखान्यात नर्स, माहेर आष्टीचं, आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल असा. कांचन भाभी, भांड्याच्या दुकानवाल्यांच्या घरच्या, मारवाडी जैन, हळू बोलणाऱ्या. आणि मी, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत टायपिस्ट. वय पंचेचाळीस. चढ लागला की मला निसर्ग बघायची फार आवड!

तलावाच्या चकरांचा कंटाळा आला तेव्हा सर आम्हाला गड चढवायला लागले. तिथून स्टोचं सुरू झालं.

*

पहिला गड, रोहिलागड. नोव्हेंबर महिना, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेल्ता. तीन दगडांची चूल मांडली तर लाकडं ओली. मी फुंकून राह्यले, विमलताई फुंकून राह्यल्या, धूर सगळा सरांच्या डोळ्यात.

कांचन भाभी मात्र चुलीकडं बघतच नव्हत्या. त्या सूर्याकडं बघत होत्या. कारण त्यांच्यात सूर्य बुडाला की जेवण बंद. पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई. जे काय ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर.

सूर्य गेला, आणि दोन मिनिटांनी खिचडी शिजली!

सर म्हणाले, "भाभी, दोनच मिनिटं. ढगांमुळं तसं सांगताही येत न्हाई..."

"कोई बात न्हाई, सर. मला भूकच न्हाई."

आणि तेवढ्यात त्यांच्या पोटातून जो आवाज आला, तो विमलताईंनी स्टेथोस्कोप न लावता ऐकला!

आम्ही तिघं मान खाली घालून जेवलो. विमलताईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं. मी बघितलं तर म्हणाल्या, "काय करू बाई, मला शरम वाटली की भूक लागती!"

दुसऱ्या दिवशी भाभींच्या सासूबाईंनी, म्हणजे माँसांनी, फैसला दिला. "बहू एक बार और भूखी सोई, तो घूमना बंद."

आता भाभी म्हणजे काय लहान न्हाईत. पोरगी कॉलेजला आहे. पण वीस वर्षांत दुकान आणि घर सोडून त्यांची स्वतःची अशी ही एकच चीज होती. आणि सरांनी पुढच्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगड ठरवला होता, तीन दिवस! भाभी मला तलावावर बाजूला घेऊन म्हणाल्या, "शैलाजी, काहीतरी करा. मला तो गड बघायचाय."

मंग ठरलं. स्टो पाहिजे. पाठीवर नेता आला पाहिजे, जल्दी पेटला पाहिजे, आणि सूर्याच्या आधी खिचडी झाली पाहिजे.

*

पुढचे सहा महिने नुसता वाद. स्वस्तातला का भारीतला?

माझे दीर अमेरिकेत. मी त्यांना फोनवर सांगितलं आणि मार्चमध्ये ते घेऊनच आले. टिटॅनियमचा! बर्नर एवढासा, तीन पाय दुमडले की मुठीत मावतो. तिकडचा नंबर एकचा ब्रँड. टिटॅनियम म्हणजे काय ते मला आजही बराबर सांगता येणार न्हाई, पण त्या महिन्यात मी तो शब्द भाजीवालीपाशीही वापरला.

"आणि हा पेटतो कशावर?" मिस्टरांनी विचारलं.

"गॅसच्या डबीवर, दादा. वरती स्क्रू करायचा."

"डबी कुठंय?"

दीर म्हणाले, "डबी विमानात आणू देत न्हाईत."

जालन्यात गॅसची तशी डबी कुठं मिळणार! सात महिने तो स्टो आमच्या शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी उभा. पाहुणे विचारायचे, मी सांगायचे, "ट्रेकिंगचा स्टो. टिटॅनियम." एकदा आमच्या ऑफिसच्या बडे बाबूंच्या बायकोनं फार निरखून बघितला आणि म्हणाली, "छान आहे हो. उदबत्त्या किती लागतात ह्याला?"

*

इकडं भाभींच्या भाच्यानं दिल्लीहून दुसरा आणला. लोखंडी, तसलाच, पण स्वस्तातला. नाव न्हाई, गाव न्हाई, खोक्यावर फक्त बाईचा फोटो, ती पण स्टोकडं बघत नव्हती. मी नाक मुरडलं.

भाभी म्हणाल्या, "शैलाजी, खिचडीला ब्रँड वाचता येतो का?"

मी म्हटलं, "प्रश्न वजनाचा आहे, भाभी. पाठीवर न्यायचंय."

"मंग वजन करू."

किराणा दुकानाच्या काट्यावर एवढीशी चीज दाखवतच न्हाई. म्हणून भाभी आम्हाला सराफ्यात घेऊन गेल्या, त्यांच्या मावसदिरांच्या पेढीवर. त्यांनी काचेच्या पेटीतला सोन्याचा काटा पुढं ओढला. आधी माझा ठेवला. गल्ल्यावरचे सेठ पण उठून आले.

"सात तोळे," मावसदीर म्हणाले.

मंग भाभींचा. "साडेनऊ तोळे."

मी तर उड्या मारायचीच राहिले! अडीच तोळ्यांचा फरक! सगळ्या सराफ्यात मी अशी मान वर करून चालले जसं काय माझ्याच गळ्यात ते अडीच तोळे आहेत.

विमलताईंनी बाहेर येऊन विचारलं, "शैला, तू गडावर काय काय नेती?"

मी सांगितलं. कपडे, शाल, लोकरीचं, पोळपाट-लाटणं...

"पोळपाट?"

"खालच्या गावातल्या पोळ्या मला चालत न्हाईत."

विमलताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं त्या सुई टोचायच्या आधी पेशंटकडं बघतात.

*

विमलताईंना आमचे दोन्ही स्टो पसंत नव्हते. त्यांचं म्हणणं, "गॅसच्या डब्या कशाला हुडकता? माझा वातीचा स्टो हाय ना. आईनं दिलाय. रॉकेल टाकलं की झालं." 

आम्ही सरावाला म्हणून शहागडला गोदावरीच्या काठी जाणार होतो, तेव्हा त्या तो स्टो गुपचूप पिशवीत घालून घेऊन आल्या. टाकी भरलेली! वर ठेचा, भाकरी, धपाटे. एसटीनं अंबड सोडलं आणि वास सुटला. आधी लोकांनी ड्रायव्हरकडं बघितलं. मंग ड्रायव्हरनं इंजिनाकडं बघितलं. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. काहीच न्हाई.

कंडक्टर नाकानं शोधत शोधत, सीट-सीट करत, बराबर विमलताईंच्या पिशवीपाशी येऊन थांबला.

"मावशी, सहलीला चालल्या का गाव पेटवायला?"

विमलताई जागच्या हलल्या न्हाईत. "ठेचा हाय तो. आमच्याकडचा असाच जहाल असतो."

कंडक्टरनं पिशवीत डोकावून बघितलं. म्हणाला, "मावशी, तुमच्या ठेच्याला तीन पाय आहेत!"

आम्ही चौघं शहागडच्या अलीकडं उतरलो. म्हणजे उतरवलंच! उरलेलं अंतर पायी गेलो. सर म्हणाले, सराव चांगला झाला.

त्या भाकरी आम्ही खाल्ल्या न्हाईत. मासोळ्यांना टाकल्या, त्यांनीपण खाल्ल्या न्हाईत.

*

शेवटी पुण्याच्या दुकानातून गॅसच्या डब्या आल्या, आणि दिवाळीच्या आधी तलावाच्या काठावर मुकाबला ठरला. दोन स्टो, दोन भांडी, एकेक लिटर पाणी. वारा फार म्हणून भाभींनी तेलाचा डबा कापून तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करून आणला होता. सर घड्याळ घेऊन मधी.

गर्दी जमायला काय वेळ लागतो! एक ऑटोवाला थांबला. "मावशी, दोन कट चहा द्या."

सर म्हणाले, "इथं प्रयोग चालू आहे."

"बरं, मंग अर्धा-अर्धा प्रयोग द्या."

सरांनी "एक, दोन, तीन" केलं. भाभींचा दिल्लीवाला भक्कन पेटला. माझा? मी चावी फिरवली, काडी लावली, काहीच न्हाई. दुसरी काडी. तिसरी. गॅसचा आवाजच न्हाई. भाभींच्या पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि मी अजून काड्याच ओढून राह्यले!

विमलताई वाकल्या. "शैला, ह्याच्या नाकात लाल काय हाय?"

मी बघितलं, आणि कपाळावर हात मारला. दसऱ्याला आमच्या सासूबाईंनी शिलाई मशीन, मिस्टरांची स्कूटर, घरातली विळी, सगळ्याची पूजा केल्ती. त्यात शोकेसमधला हा पण घेतला. पाण्यात कालवून हळद-कुंकू, वर झेंडू. झेंडू मी काढला. कुंकू आतल्या बारीक भोकात जाऊन वाळून बसलं होतं!

विमलताईंनी पर्समधून सगळ्यात बारीक इंजेक्शनची सुई काढली आणि अमेरिकन स्टोचं ऑपरेशन केलं. मंग मात्र पेटला, आणि काय पेटला! निळाशार. पाणी बघता बघता उकळलं. पण तोवर भाभी ऑटोवाल्याला चहा देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बघ! पूजा केली म्हणून फुटला न्हाई."

भाभी मात्र तलावावरच म्हणाल्या होत्या, अगदी हळू, "आमच्या स्टोला कुणी हळद-कुंकू लावलं न्हाई, म्हणून बिचारा काम करून राह्यला."

सरांनी निकाल दिला, "दोन्ही घेऊ." हे वर्षभरात कुणाला सुचलं न्हाई!

*

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर गेलो. दुपारी चारला वर पोहोचायचं होतं. पण चढ होता, आणि निसर्ग फार सुंदर होता. मी तेरा ठिकाणी बघितला. भाभी तर माझी पिशवीही घेऊन चालत होत्या, आणि त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. कड्यापाशी आलो तेव्हा सर हात लांब करून, बोटं आडवी धरून सूर्य मोजायला लागले.

"दोन बोटं! म्हणजे अर्धा तास!"

मंग जी पळापळ झाली! मुगाची डाळ-तांदूळ दुपारपासून डब्यात भिजवलेले होते. दिल्लीवाल्यावर खिचडी, कांदा न्हाई, लसूण न्हाई. अमेरिकन स्टोवर भाभींचं प्यायचं पाणी, कारण त्या उकळलेलंच पितात. अमेरिकन स्टोचे पाय इतके नाजूक की पातेलं डुलायचं, म्हणून विमलताई सांडशीनं धरून बसल्या. मी पत्र्याचा आडोसा धरला. सर कड्यावरून ओरडून राह्यले.

"एक बोट!"

खिचडी रटरटली.

"अर्धं बोट!"

"झाली!" मी ओरडले. भाभींच्या ताटलीत वाढली. भाभींनी घास उचलला, आणि टाकून दिला. इतकी गरम की बोट लावता येईना!

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सव्वा वर्ष आम्ही जल्दी गरम करायचं बघितलं, थंड करायचं कुणी बघितलंच न्हाई!

"फुंका!" विमलताई ओरडल्या. मंग मी एकीकडून, विमलताई दुसरीकडून, सर धावत आले ते तिसरीकडून. एका ताटलीवर तीन तोंडं! सरांचा मफलर खिचडीत. विमलताई एका हातानं पाणी ह्या पेल्यातून त्या पेल्यात ओतून राह्यल्या. भाभी जिभेला चटके सोसत, डोळ्यातून पाणी काढत खात होत्या. मधी सर उठून बघायचे. "टेकला!" परत फुंकायचे. "अर्धा गेला!" भाभींनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायल्या, हात जोडले. आणि सर म्हणाले, "गेला."

मंग भाभी हसायला लागल्या. वीस वर्षांत इतक्या मोठ्यानं हसल्या नसतील.

खरा घोळ परत आल्यावर झाला. माँसांनी आम्हाला सगळ्यांना घरी बोलावलं. भाभींचा चेहरा उतरलेला. त्या मला दारातच कानात म्हणाल्या, "मी सगळं सांगितलं. माझ्याच्यानं खोटं बोलवत न्हाई." तेव्हा कुठं आम्हाला कळलं की त्या घरात दुसऱ्याचं उष्टं तर सोडाच, अन्नावर फुंकरसुद्धा चालत न्हाई. आणि आम्ही तिघांनी मिळून फुंकली होती!

माँसा गादीवर बसलेल्या, हातात माळ. सरांनी सवयीनं उत्तर दिशेला तोंड केलं. विमलताई माझ्या मागं सरकल्या.

"किसने फूंका?" माँसांनी विचारलं.

आम्ही तिघांनी शाळेतल्यासारखे हात वर केले.

माँसांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. माळ थांबलेली. मंग उठल्या, आत गेल्या. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हातात एक पितळी परात होती, लग्नाच्या स्वयंपाकातली असावी, ती त्यांना नीट उचलवतही नव्हती. त्यांनी ती आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"अगली बार इसमें फैला देना," त्या म्हणाल्या. "फूंकना नहीं पड़ेगा."