पत्र्यावरचं पाणी

"थांबलं का हो, जिंतूरकर?"

कठड्यावरून अर्धं शरीर बाहेर, चष्मा गळ्यातल्या दोरीला लोंबकळतोय, एका हातात पाना आणि दुसऱ्या हाताचं बोट वर. माझ्या वरच्या मजल्यावरचे काका असं विचारायचे आणि कान तिरका करून उत्तराची वाट पाहायचे. मी खालच्या बाल्कनीत दात घासत उभा असायचो. माझ्या बाल्कनीवर ऊन अडवायला हातभर रुंदीचा पत्रा लावलेला आहे. त्यावर त्यांच्या कूलरचं पाणी पडायचं. टप्प. टप्प.

"नाही, काका."

"बरं. प्रकरण अद्याप विचाराधीन आहे," म्हणून डोकं आत जायचं.

माझं आडनाव जिंतूरकर नाही. पहिल्या भेटीत मी गाव सांगितलं आणि काकांनी तेच कायम केलं. ते कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, हयात दिल्लीत गेलेली. मी परीक्षा देऊन नुकता इथल्या एका केंद्रीय कार्यालयात लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. इतिहासाची पदवी, एक ट्रंक आणि जेमतेम हिंदी एवढ्यावर मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या या सोसायटीत भाड्याने राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात वाळत घातलेले ऑफिसचे शर्ट वरून भिजले. मी काही बोलायच्या आत काका स्वतः खाली आले. हातात पोह्यांची ताटली.

"आमचा कूलर तुमच्यावर अन्याय करतोय. तोवर हे खाऊन घ्या."

त्या पोह्यांवर ओलं खोबरं होतं. द्वारकेत त्यांनी ते कुठून आणलं, कोण जाणे. मी उभ्याउभ्याच खाल्ले आणि शर्टांचा विषय कायमचा मिटला.

अन्याय करणारी वस्तू म्हणजे कूलरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह. तुमच्याकडे असा कूलर असेल तर ही गंमत तुम्हाला ठाऊक असेल. टाकीत एक प्लास्टिकचा गोळा तरंगतो. पाणी वर चढलं की गोळा वर येतो, त्याची दांडी उचलली जाते आणि नळीचं तोंड बंद होतं. निदान व्हायला हवं. आमच्याकडचं पाणी इतकं खारं, की नळीच्या तोंडाशी क्षार धरतात, रबराचा वायसर नीट बसत नाही आणि पाणी थेंबाथेंबाने येतच राहतं. टाकी भरते, वरच्या भोकातून वाहते, आणि खाली जिंतूरकराचा पत्रा असतो.

काकांनी मेकॅनिक आणून पाहिले. नवे व्हॉल्व्ह बसवले. थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा टप्प. शेवटी त्यांनी काम स्वतःकडे घेतलं. रविवारी सकाळी ते वरून हाक मारायचे आणि मी मदतीला जायचो. मदत म्हणजे काय, पाण्याचा कॉक बंद करायचा आणि मग टॉर्च धरून उभं राहायचं. काका वर्तमानपत्र पसरून व्हॉल्व्हचे भाग त्यावर ओळीने मांडत. वायसर व्हिनेगरमध्ये भिजत घालत, जुन्या टूथब्रशने नळीचं तोंड घासत, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत. हे सगळं अतिशय मन लावून, आणि बहुतेक वेळा चुकीचं. टेप उलट्या दिशेने गुंडाळली जायची आणि व्हॉल्व्ह फिरवताच सुटून यायची. एकदा सगळं जोडून झाल्यावर वायसर वाटीतच राहिलेला सापडला.

"काका, हा?"

त्यांनी वाटीकडे बराच वेळ पाहिलं. "हा परिशिष्टात राहिला वाटतं."

आम्ही दोघंही पोटभर हसलो. पण असं हसू खोलीतल्या काकूंपर्यंत पोचलं की काका लगेच गप्प व्हायचे आणि दाराकडे बघायचे. कारण हा सगळा खटाटोप पाण्यासाठी नव्हताच. काकूंसाठी होता.

काकू मनमाडच्या. तिथल्या पाण्याची कथा मी मराठी वाचकाला काय सांगणार! त्यांच्या लहानपणी अंगणातला नळ उघडाच ठेवलेला असे आणि त्याच्याखाली रॉकेलचा रिकामा डबा उपडा घातलेला. पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की पहिली धार पत्र्यावर वाजायची, त्या आवाजाने घर जागं व्हायचं आणि जो तो कळशी घेऊन धावायचा. आमच्या जिंतुरातही हीच रीत होती, म्हणून मला ते ऐकताक्षणी कळलं.

दिल्लीत काकूंनी कितीतरी वर्षं रविवारी मराठी मुलांना मराठी शिकवलं. इथल्या मुलांना कळशी, घंगाळ, तांब्या हे शब्द येत नाहीत म्हणून त्या ती भांडीच वर्गात घेऊन जात. मी आलो तोवर त्यांची आठवण उसवायला लागली होती. मुलाचं नाव जायचं, आजचा वार जायचा. पाण्याचं मात्र काही जात नव्हतं. माझ्या पत्र्यावर पाणी वाजलं की त्या जिथे असतील तिथून उठायच्या, स्वयंपाकघरातली लहानशी पितळी कळशी उचलायच्या आणि बाल्कनीत यायच्या. मी टॉर्च धरून उभा असलो तर मला म्हणायच्या, "अण्णा, नंबर लाव. मी आलेच." अण्णा हे त्यांचे थोरले भाऊ. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

एकदा त्या बाल्कनीतल्या ओल्या फरशीवर घसरल्या. मनगट मोडलं. मुलाने बंगळूरहून फोन केला, तेव्हा मी तिथेच होतो. तो वाईट मुलगा नव्हे. आवाजात काळजी होती.

"बाबा, पुन्हा पडली तर मी तिला इकडे आणणार. इथे चांगलं केअर होम आहे. तुमच्याने एकट्याने नाही होत."

"होतंय रे. एक वायसर तेवढा नीट बसला की झालं," काका म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मग कूलर बंदच का नाही केला? एसी लावून पाहिला होता. बंद खोलीत काकू दारावर हात आपटत. आणि बिनकूलरच्या खोलीत दिल्लीचा जून काढणं त्यांच्या अंगात नव्हतं. बादल्यांनी टाकी भरावी तर काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. मी सकाळी भरून जायचो, पण उन्हाळ्यात टाकी दुपारपर्यंतही पुरत नसे. असं सगळीकडून बंद होत होत ते प्रकरण त्या एका रबराच्या चकतीवर येऊन थांबलं होतं. काकांचं सगळं घर त्या चकतीवर उभं होतं.

त्यात सोसायटीचे सेक्रेटरी. ते खालून ओरडायचे, "अंकल जी, टँकर का पानी है, गंगा जी थोडे ही बह रही है!"

काका वरून नम्रपणे म्हणत, "बिल्कुल, बिल्कुल. कार्रवाई चल रही है."

आणि एके दिवशी कार्रवाई फळाला आली. वायसर उलटा करून बसवला, दांडी थोडी खाली वाकवली, आणि पाणी थांबलं. सकाळी काकांनी विचारलं, "थांबलं का हो?" मी पत्र्याला हात लावून पाहिला. खडखडीत कोरडा. "थांबलं, काका!" त्यांनी पाना हवेत उंचावला, जणू पदक मिळालं. त्या दिवशी शिरा झाला. मला दोनदा वाढला.

दोन-चार दिवस बरे गेले. मग काकू बसेनात. पदर खोचून घरभर फिरायच्या. "अहो, आज पाणी आलंच नाही." जेवायला बसवलं तर उठायच्या. "आधी पाणी बघते." एका पहाटे काका अंघोळीला गेले असताना दाराची कडी काढून त्या निघाल्या. मी दूध आणायला गेलो होतो, तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी दिसल्या. अनवाणी, कमरेवर कळशी. वॉचमन त्यांना विचारत होता, "माता जी, कहाँ जाना है?" आणि काकू त्याला अस्सल मराठीत सांगत होत्या, की बंद नळापाशी बसून काय करू, वरच्या आळीत टँकर आलाय, सोड मला. बाहेर रस्त्यावर बसगाड्या सुसाट जात होत्या.

मी म्हणालो, "काकू, चला. आपला नंबर लावलाय."

त्या माझ्यासोबत मुकाट्याने आल्या. जिन्यात काका भेटले. डोक्यावरचा साबण तसाच होता. त्यांनी कळशी माझ्या हातून घेतली आणि तिथेच पायरीवर बसले.

संध्याकाळी ते खाली आले. "जिंतूरकर, तुमच्या पत्र्याची परवानगी हवी होती."

"कशाची?"

"व्हॉल्व्ह पुन्हा सैल करतो म्हणतो. थोडासाच. वाजेल एवढा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांबवलं तरी ती जाते, आणि नाही थांबवलं तरी ती जाते. मग निदान घरातल्या घरात जाऊ दे."

मी पत्र्याखाली बादली ठेवली. ते पाणी मी फरशी पुसायला वापरू लागलो, म्हणजे सेक्रेटरींचंही तोंड बंद. वर काकांनी बाल्कनीच्या दारात आडवी खुर्ची टाकली. पत्रा वाजला की काकू येऊन खुर्चीवर बसत. काका मागच्या मागे स्वयंपाकघरात कळशी भरत आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवत.

"घे. झाला आपला नंबर."

"भरली? काठोकाठ?"

"काठोकाठ."

काकूंचा चेहरा असा काही निवळायचा, की मला माझी आई आठवायची. मग काका ती कळशी नेऊन कूलरमध्ये रिकामी करत. थोड्या वेळाने पुन्हा वाजायचं, पुन्हा नंबर. दिवसभर तेच पाणी त्या घरात फिरत राही. मला वाटायचं, आता हे असंच चालेल.

सप्टेंबरच्या सुमारास काकू पडल्या. बाल्कनीत नाही. झोपायच्या खोलीत, कोरड्या फरशीवर, पलंगावरून उतरताना. पाण्याचा काही संबंध नव्हता. खुब्याचं हाड गेलं. मुलगा विमानाने आला, ऑपरेशन होईपर्यंत थांबला, आणि दोघांना घेऊन जायचं ठरलं. काकांनी वाद घातला नाही. फक्त मला म्हणाले, "मी बाल्कनीचा एवढा बंदोबस्त केला होता हो."

निघायच्या सकाळी सामान दारात उभं होतं, गाडी यायची होती, मुलगा घड्याळ बघत होता, आणि काका बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसले होते.

"बाबा, आता कशाला?"

"खाली माणूस राहतो. त्याच्या डोक्यावर गळती ठेवून जायचं नसतं."

वायसर, ब्रश, टेप. या वेळी टेप बरोबर दिशेने. मी खाली माझ्या बाल्कनीत गेलो, कारण मला ठाऊक होतं पुढे काय होणार.

"थांबलं का हो, जिंतूरकर?"

"थांबलं, काका."

काका तसेच बाहेर झुकून राहिले. बराच वेळ. मग डोकं आत गेलं.

घराची किल्ली माझ्याकडे होती. थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी त्यांचा फोन आला.

"काकू कशा आहेत?"

"आहे. जेवत नाही. इथल्या केअर होमच्या मुली चांगल्या आहेत, पण त्यांना तिचं कळत नाही. सकाळपासून विचारते, पाणी आलं का. मी बाथरूमचा नळ सोडून दाखवला. प्लास्टिकच्या बादलीत पडतं ते, तिला पटत नाही. जरा वर जाऊन कॉक सोडता का? तो पत्रा... फोनवरून ऐकू येईल का हो?"

मी वर गेलो. टाकीच्या तळाशी धूळ आणि कूलरच्या जाळीतून गळलेलं वाळकं गवत. कॉक सोडला. पाणी भरायला लागलं.

"आलं का?"

"अजून नाही, काका. टाकी भरतेय."

पाणी चढलं. गोळा उचलला गेला, दांडी वर आली आणि नळीचं तोंड बंद झालं. एक थेंबही नाही. उन्हाळाभरात जे आम्हाला एकदाच जमलं होतं ते काकांनी निघता निघता चोख करून ठेवलं होतं.

"आलं का हो?"

मी बाही वर केली, हात टाकीत घातला आणि गोळा पाण्याखाली दाबून धरला. पाणी गार होतं. हळूहळू ते वरच्या भोकाशी पोचलं. दुसऱ्या हाताने मी स्पीकर लावून फोन कठड्याबाहेर धरला. टप्प. खाली माझा पत्रा वाजला. टप्प. टप्प.

फोनमधून काकांचा आवाज आला, लांबून, दुसऱ्या कुणाला तरी सांगणारा. "ऐक. ऐकलंस? आलं बघ."

पत्रा वाजत राहिला. मग काकूंचा आवाज. बारीक, पण घाईतला.

"अण्णा, नंबर लाव. मी आलेच."

माझी बोटं बधिर होत होती. फोन कुणी ठेवत नव्हतं. मीही तसाच उभा राहिलो, कारण हात काढला असता तर पाणी थांबलं असतं.