नवतप्यातले पेशंट

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात औषधांचा साठा मार्चअखेर संपत येतो आणि किश्श्यांचा साठा एप्रिलपासून वाढायला लागतो. किस्सा कुणी मुद्दाम आणून देत नाही. माणसं कुत्रं, मांजर, बकरी घेऊन येतात, जाताना जनावर घेऊन जातात आणि किस्सा इथेच विसरतात. मग तो मी गोळा करतो, कारण झाडझूडही निम्मी माझ्याकडेच आहे.

माझं पद 'व्रणोपचारक'. माझ्या आईला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, ती आपली 'पोरगा सरकारात आहे' एवढंच सांगायची. गाव मला पट्टीवाले भाऊ म्हणतं. गाव साकोलीच्या पुढे, हायवे सोडून आत. नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक 'माझा किस्सा काहून सांगतला' म्हणून भांडायला येतील आणि उरलेले 'माझा काहून नाही सांगतला' म्हणून!

* * *

तीन वर्षांपूर्वी अमृता मॅडम आमच्याकडे डॉक्टर म्हणून आल्या. साताऱ्याकडच्या. पहिल्याच एप्रिलमध्ये एका दुपारी त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून वर बघायला लागल्या.

"अहो, पंखा बंद कुणी केला?"

"चालू आहे मॅडम. हवाच गरम आहे."

त्यांनी घाम पुसला. "आत्ताच हे असं, मग मेमध्ये काय करता?"

मी सांगितलं, मेच्या शेवटी नऊ दिवस सूर्य आणखी चढतो, त्याला इथे नवतपा म्हणतात. तो लागला की आम्ही आजच्यासारख्या थंड दिवसांची आठवण काढतो.

मॅडमना वाटलं मी गंमत करतोय. मेअखेरीस त्या स्वतःच म्हणाल्या, एप्रिल बरा होता.

* * *

उन्हाचं एक वेळ जमलं, बोलीचं जमेना. आमच्याकडे 'येतो आहे' कुणी म्हणत नाही, 'येऊन राहिलो' म्हणतो. 'जेवतो आहे'चं 'जेवून राहिलो'. आम्हाला त्यात काही वाटत नाही. पण साताऱ्याच्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं, हे मला कळायला एक मांजर यावी लागली.

नवतपा लागला त्याच दिवशी एक बाई पिशवीत मांजर घेऊन आल्या. पिशवीतून फक्त डोकं बाहेर, तोंड उघडं, धापा टाकत होती. बाई म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवसापासून खाऊन नाही राहिली जी."

मॅडमनी पेन थांबवला. "खाल्लं आणि राहिली नाही? मग कुठे गेली?"

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. मांजरीनं मॅडमकडे पाहिलं. मी औषधाच्या कपाटामागे जाऊन हसून घेतलं.

मग बाहेर येऊन सांगितलं की मांजर खात नाहीये. मॅडमनी तिला गारव्याला ठेवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, पत्र्याखाली ठेवू नका म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मांजर खाऊन राहिली. पण त्या दिवशी मी नुसता हसलो. बोलीतली ती गोम मॅडमना नीट बसवून समजावून सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. हे मी किस्सा म्हणून सांगत नाही. माझी चूक म्हणून सांगतो.

* * *

कारण त्याच नवतप्यात देवाजी भाऊंचा फोन आला.

देवाजी भाऊंचं धानाचं शेत बोडीला लागून आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. घरी ते आणि सगुणाबाई, दोघंच. मुलगी लग्न होऊन तिकडे बपेऱ्याला. मुलगी गेल्यापासून घरात तिसरं माणूस म्हणजे वाघ्या. देवाजी भाऊ बांधावर जात तिथे वाघ्या, सोसायटीत जात तिथे वाघ्या. त्या दिवशीही भर दुपारी तो त्यांच्या सायकलमागे शेतापर्यंत पळत गेला आणि पळतच परत आला.

फोन मॅडमनी घेतला. दोन वाक्यं बोलल्या, ठेवला आणि मला म्हणाल्या, "देवाजी भाऊंचा कुत्रा गेला हो. बिचारे रडत होते."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, वाघ्या मरून राहिला जी. मी म्हटलं, आता काही करता येणार नाही, ऊन आहे, लवकर पुरून टाका."

माझ्या हातातली बाटली मी टेबलावर ठेवली. "मॅडम, मरून राहिला म्हणजे मेला नाही. मरत आहे. अजून जिवंत आहे तो."

मोटरसायकलवर मॅडम मागे बसल्या आणि आम्ही निघालो. आम्ही पोचलो तेव्हा वाघ्या कडुलिंबाखाली होता, नुकताच गेलेला. अंग अजून तापलेलंच. शेजारी खड्डा अर्धा झालेला. डॉक्टरच पुरा म्हणतात म्हटल्यावर देवाजी भाऊंनी त्याच्यावर पाणी टाकलं नव्हतं, त्याला हलवलंही नव्हतं. नुसते कुरवाळत बसले होते आणि मध्येच उठून खणत होते.

मॅडमनी वाघ्याच्या छातीला हात लावून पाहिला. मीच कसंबसं सांगितलं, चूक कुठे झाली ते. देवाजी भाऊंनी सगळं ऐकलं. मग आत गेले आणि माठातलं दोन गिलास पाणी घेऊन आले.

"घ्या मॅडम. लय उनात आल्या तुमी."

मॅडमनी तो गिलास दोन्ही हातांनी धरला आणि रडल्या. मीही रडलो, पण मी डोक्याला दुपट्टा बांधून होतो, त्यामुळे मला जरा सोय होती.

* * *

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर एक वही आली. पहिल्या पानावर पहिली ओळ: 'मरून राहिला – मरत आहे. धावायचं.' पुढे मग बाकीचे शब्द. कायले, काहून, मले, तुले. पेशंट नसला की त्या मला समोर बसवायच्या आणि मी मास्तर व्हायचो. मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आणि पुढच्या उन्हाळ्यापासून त्या गावोगाव फिरायला लागल्या. एकच सांगायच्या, कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो जिभेनं धापा टाकून अंग गार करतो. धाप वाढली, लाळ गळायला लागली, चाल डगमगली की वाट पाहू नका. सावलीत घ्या, पोटावर नि पायांवर साधं पाणी टाका, बर्फ नको, वारा घाला, तोंडात बळजबरीनं पाणी ओतू नका आणि मला फोन करा.

एका सभेत कांद्याचा विषय निघाला. आमच्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून. जे माणसाला तेच कुत्र्याला, या हिशेबानं आमच्याच घरी माझी बायको कुत्र्याला भाकरीत कांदा कुस्करून घालायची. मॅडम हबकल्या. म्हणाल्या, कच्चा असो की शिजलेला, कांदा कुत्र्याला विष आहे, रक्त खराब होतं, अजिबात खाऊ घालू नका.

आठवड्यानं आम्ही परत गेलो तर गल्लीतल्या कुत्र्यांच्या गळ्यात कांदे! सुतळीत ओवून, व्यवस्थित गाठ मारून. सगळ्यात मोठा कांदा आमच्या कुत्र्याच्या गळ्यात.

मॅडमनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "खाऊ घालू नका म्हटलं तुमी. बांधू नका म्हटलं काय? आपल्या गळ्यातला कांदा त्याले खाता येते काय जी?"

मुद्दा बिनतोड होता. पण तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं शेजारच्या कुत्र्याच्या गळ्यातला कांदा खाल्ला.

वेळेवर औषध झालं, निभावलं. सगळे कांदे उतरवले. जाताना बायकोनं त्यातलाच एक मॅडमच्या पर्समध्ये टाकला. तो काढायची हिंमत मॅडमना झाली नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या पर्समध्ये नवा कांदा ठरलेला.

* * *

मॅडमनी दुसरा धडा दिला तो रस्त्याचा. कुत्र्याला फिरवायला न्यायच्या आधी आपल्या हाताची उलटी बाजू डांबरावर ठेवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसवणार नाही.

हे आमच्या रिटायर गुरुजींनी फारच मनावर घेतलं. ते एका सकाळी दहाच्या सुमारास कुत्र्याला घेऊन फाट्यावर आले, वाकले आणि हात रस्त्यावर टेकून डोळे मिटून उभे राहिले. समोरून साकोलीची एसटी आली आणि करकचून थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"गुरुजी, एसटीले हात वरतं दाखवाचा असते, खालतं नाही!"

गुरुजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, तू आधी खाली उतर आणि अनवाणी उभा राहून दाखव. तो खरंच उतरला, चप्पल काढली आणि दोन सेकंदांत परत चढला. गुरुजी कुत्र्याला घेऊन घरी गेले. तेव्हापासून त्यांचं फिरणं दिवस उगवायच्या आत.

* * *

देवाजी भाऊ मात्र कुठल्याच सभेला आले नाहीत. वर्षभर त्यांच्या अंगणात जनावर नव्हतं. मग मुलगीच बपेऱ्याहून पिशवीत एक पिल्लू घेऊन आली, अंगणात सोडलं आणि बाबा नाही म्हणायच्या आत बस पकडून निघून गेली.

लसीला ते पिल्लू घेऊन देवाजी भाऊ आले. मी केसपेपरवर विचारलं, नाव काय?

"नाव नाही ठेवलं."

"असं कसं? हाक काय मारता?"

"थो म्हणतो. थो आला, थो गेला." आणि मग खाली बघत म्हणाले, "नाव ठेवलं का जीव लागते जी."

'थो' म्हणजे आमच्या बोलीत 'तो'. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी लसीची सुई भरायला घेतली. नावाच्या रकान्यात मी 'थो' लिहिलं आणि पिल्लानं माझा पेन चावला.

जीव लागू द्यायचा नव्हता म्हणे. पण देवाजी भाऊंनी त्याच्यासाठी अंगणात मातीचं पाण्याचं भांडं अर्धं पुरून ठेवलं, म्हणजे लवंडणार नाही आणि पाणी गार राहील. गोणपाट ओलं करून दिलं. दिवसा शेतावर नेणं बंद. सगुणाबाई मला म्हणाल्या, "मले इतक्या वर्षात एक पंखा नाही आनला. थोच्यासाठी कूलरचा भाव पुसून राहिले."

* * *

यंदाच्या नवतप्याचा तिसरा दिवस. दुपार. फोन मॅडमनीच घेतला, आणि पलीकडचा देवाजी भाऊंचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला.

"मॅडम, थो मरून राहिला जी."

खुर्ची मागे पडली ती कुणी उचलली नाही. मॅडम फोनवर ओरडत नव्हत्या, अगदी सावकाश बोलत होत्या. सावलीत घ्या. पोटावर पाणी टाका, पायांवर टाका. सगुणाबाईंना वारा घालायला सांगा. थांबू नका, मी येऊन राहिले. हे शेवटचं त्यांच्या तोंडून आपसूक आलं.

झालं होतं ते इतकंच. देवाजी भाऊंनी सकाळी त्याला आंब्याच्या सावलीत साखळीला बांधलं आणि शेतीचे कागद आणायला साकोलीला गेले. सगुणाबाई आत झोपल्या. भाऊ परतेपर्यंत सावली सरकली, साखळी सरकली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सगुणाबाई त्याच्या पोटावर तांब्यानं पाणी टाकत होत्या. दुसऱ्या हातात सूप, त्यानं वारा. मॅडम मातीतच बसल्या. ताप बघितला, सुई लावली, मी सलाईनची बाटली धरून उभा राहिलो. सावली हलली की आम्ही त्याला चादरीसकट उचलून सावलीत सरकवायचो. असं दोनदा केलं. मॅडमच्या पर्समधून कांदा बाहेर पडला होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

देवाजी भाऊ तिथे नव्हते. मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली, वाघ्याच्या जागेजवळ आमच्याकडे पाठ करून बसले होते. मांडीवर कुदळ आडवी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाटली निम्म्याच्या खाली आली होती. थोनं आधी एक डोळा उघडला. मग जीभ आत घेतली. मग शेपटी मातीवर एकदा आपटली, थांबली, पुन्हा आपटली. मॅडमनी परत ताप बघितला आणि उठल्या. साडीला चिखल तसाच. कडुलिंबापर्यंत गेल्या. मी सगळं या बाजूनं पाहत होतो.

"देवाजी भाऊ," मॅडम म्हणाल्या, "जगून राहिला जी."

देवाजी भाऊंनी कुदळ खाली ठेवली, डोळे पुसले आणि तिथूनच मला हाक मारली.

"पट्टीवाले भाऊ, केसपेपर आनला काय? नाव लिवाचं आहे."