टायरच्या नियमाला बाबांची हरकत

जवळा बाजार गावात औंढ्याच्या रस्त्यावर बाबांचं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, हवा भरायची आणि झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, ज्याला सगळे रिमोल्ड म्हणतात. टायरवरून हात फिरवला की गाडी कुठल्या रस्त्यानं चालते, मालक ब्रेक कसा मारतो, चाक कुठल्या बाजूला ओढतं, हे सगळं बाबा सांगायचे. कुणी विचारायची वाट बघायचे नाहीत. लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्याही त्यांच्या तावडीतून सुटायच्या नाहीत. आई वैतागायची. "माणसाच्या तोंडाकडं पाहत न्हाईत, पयले त्याचे टायर पाहतेत," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

मी त्यांची एकुलती एक पोरगी. औषधशास्त्राची पदविका करून हिंगोलीला एका मेडिकलवर कामाला लागले होते, आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी यायचे. मोटारींच्या शर्यतीचं वेड मला नांदेडच्या हॉस्टेलवर लागलं होतं. एका शनिवारी मी मोबाइलवर पात्रता फेरी बघत बसले होते. बाबा माझ्या मागून गेले, थांबले, परत आले आणि चष्मा शोधायला लागले. पडद्यावर चाक जवळून दाखवत होते. बाबांनी विचारलं, "हे इतकं कवळं रबर काहून लावलं यानं? दहा फेऱ्यांत उडून जाईल की."

त्या दिवसापासून शनिवारची संध्याकाळ आमची झाली.

पात्रता फेरी म्हणजे रविवारच्या शर्यतीत कोण कुठं उभा राहणार हे ठरवणारी परीक्षा. तिचे तीन टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत हळू गाड्या गळतात, तिसऱ्यात उरलेल्या दहा गाड्या लढतात. बाबांना रविवारच्या शर्यतीपेक्षा शनिवार जास्त आवडायचा. "ऐतवारी नशीब बी चालतंय, शनिवारी निस्ता हुनर," असं ते म्हणायचे. त्यांना इंग्रजी समालोचन कळत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. गाडी वळणावर जराशी सरकली की ते सांगायचे, मागचा डावा गेला. पाच मिनिटांनी समालोचक तेच सांगायचा. मग बाबा माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांना चहा करून द्यायचा, असा आमचा ठराव होता.

तेव्हा टायरचा एक नियम होता. दुसऱ्या टप्प्यात ज्या टायरवर सगळ्यात चांगली वेळ दिली, त्याच वापरलेल्या टायरवर पहिल्या दहांनी रविवारी निघायचं. अकराव्यापासून मागच्यांना मात्र हवे ते, नवेकोरे टायर. या नियमावर बाबांचा फार जीव. त्यातही अकराव्या गाडीवर. दहांत यायचं थोडक्यात हुकलं म्हणून तो ड्रायव्हर तोंड पाडून बसलेला दिसला की बाबा पडद्याशी बोलायचे, "अरे रडू नको बापा, उद्या तुझेच टायर सगळ्यात चांगले हायेत." एखाद्या रविवारी तो अकरावा चार-पाच गाड्या मागं टाकायचा, तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मग एका वर्षी तो नियम गेला. सगळ्यांनाच टायर निवडायची मोकळीक मिळाली.

मी ज्या चाहत्यांच्या ग्रुपवर होते तिथं बहुतेकांना आनंदच झाला. मोठ्या संघांच्या गाड्या इतक्या वेगवान असतात की त्यांना हळू पण टिकाऊ अशा कडक टायरवरही दुसरा टप्पा पार करता येतो; नियमाचा जाच मधल्या संघांनाच होतो, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. बाबांना नाही पटलं. आठ दिवस ते घुश्शात होते. पुढच्या शनिवारी मी घरी आले तर त्यांनी माझ्यासमोर रेघांचे दोन ताव ठेवले. त्यावर निळ्या शाईनं अर्ज लिहिलेला होता.

"प्रति, मा. शर्यत अधिकारी साहेब," अशी सुरुवात होती. "विषय: पात्रता फेरीतील टायरचा नियम रद्द केल्याबाबत हरकत." मग महोदय, मग सविनय, मग सगळा युक्तिवाद. अकराव्या क्रमांकाच्या गाडीवर अन्याय होत आहे. हरलेल्याच्या हातात काहीतरी राहू द्यावे. हे जमत नसल्यास निदान प्रत्येक टप्प्यात सर्वांना एकसारखेच टायर द्यावेत, म्हणजे खरा हुनर दिसेल. खाली सही, दुकानाचा शिक्का, आणि 'सोबत जोडले आहे' म्हणून झिजलेल्या टायरचं पेन्सिलनं काढलेलं चित्र.

बाबांच्या हिशेबी यात वेगळं काहीच नव्हतं. रस्ता रुंद होणार असला, वॉर्ड बदलणार असला की आधी हरकती मागवतात, लोक अर्ज करतात, पोच घेतात. नियम आहे म्हटल्यावर त्याला हरकत घ्यायची जागा कुठंतरी असणारच. मी म्हणाले, "बाबा, ते लोक परदेशात बसतात." तर म्हणाले, "मंग काय झालं? त्यांच्याकडं बी आवक-जावक असंलच की. तू फोटो काढून धाड."

मी फोटो काढला. आणि त्याच संध्याकाळी तो ग्रुपवर टाकला, खाली हसणारी तोंडं लावून. 'आमच्या बाबांनी नियमाला हरकत घेतली आहे.' मला वाटलं होतं लोकांना गंमत वाटेल, गोड वाटेल. वाटलीही असेल कुणाला. पण मी हसले होते म्हणून लोकही हसले, आणि लोक माझ्यापेक्षा जास्त हसले. कुणी त्या शिक्क्याचं स्टिकर केलं. कुणी 'मा. शर्यत अधिकारी साहेब' असं लिहून प्रत्येक शनिवारी रडगाणी गायला लागला. मीही एक-दोन टोले हाणले. लोकांना माझ्यामुळं हसू येतंय याचं मला सुख होत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण होत होतं.

बाबांना मी सांगितलं, पाठवला.

"पोच?"

"येईल."

दर शनिवारी ते विचारायचे. मी कधी म्हणायचे साहेब बदलले, कधी म्हणायचे विचाराधीन आहे. सरकारी भाषा मला चांगली येते, आणि बाबांचा त्या भाषेवर विश्वास होता. ते मान हलवायचे. "टाइम लागतोच," म्हणायचे.

पुढं एका मोसमात युरोपातल्या शर्यतीत प्रयोग म्हणून नवाच नियम आला. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना कडक टायर, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात मऊ. सगळ्यांना एकसारखे. चाहत्यांनी बोंब ठोकली की टायर कमी दिल्यामुळं सरावाला गाड्या बाहेरच निघत नाहीत. मी घरी बाबांना तो नियम वाचून दाखवला, अगदी सहज, आणि मान वर केली तर त्यांचे डोळे भरलेले. मला क्षणभर कळेना. मग कळलं.

"वाचला म्हण की त्यांनी," ते म्हणाले. "दुसरा मुद्दा वाचला."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बाबा तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले, कडक, मध्यम, मऊ, आणि आमचा अर्ज. त्यांना इतकं खूश मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. सोमवारी त्यांनी दुकानाशेजारच्या सगळ्यांना सांगितलं. मंगळवारी आठवडी बाजाराला आलेल्या जीपवाल्यांना सांगितलं. त्यातल्या कुणालाही शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी ऐकून घेतलं, कारण बाबा त्यांच्या टायरांना जपत आलेले.

त्याच बाजारात मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणारा एक माणूस होता. बाबांची गोष्ट ऐकल्यावर त्याला काहीतरी आठवलं. तो फोटो, खालच्या शेऱ्यांच्या स्क्रीनशॉटसकट, फिरत फिरत त्याच्याही मोबाइलवर कधीचा येऊन पडला होता. शिक्क्यावरचं दुकानाचं नाव त्यानं वाचलं होतं, पण माणूस जुळला नव्हता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट कौतुकानंच त्यानं बाबांना दाखवला, "काका, तुमी तर फेमस हाव." बाबांनी सगळं वाचलं. खाली कुणी काय लिहिलं, कुणी काय चिकटवलं. पहिला फोटो कुणी टाकला ते नावही तिथंच होतं.

शनिवारी मी आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. सात वाजता मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, हाक मारली. बाबा अंगणातल्या खाटेवर बसून होते. उठले नाहीत.

"सुरू झालं, बाबा."

"पोच भेटली मला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्या रिचार्जवाल्यानं दाखवली."

मी पायाशी बसले. चुकलं म्हणाले, रडले, ग्रुप सोडला ते दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. त्यात तुझं काय चुकलं? मलाच समजाया पायजे होतं. आपून पंक्चर काढणारी माणसं. उगंच मोठ्या गोष्टीत तोंड घातलं." मी म्हणाले, तसं नाही, तुमचं ज्ञान खरं आहे, तुम्ही समालोचकाच्या आधी सांगायचात. ते माझ्याकडं बघून हसले, गिऱ्हाइकाकडं बघून हसावं तसं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जास्त सुखी असते.

त्यानंतर ते पात्रता फेरी बघायला कधी बसले नाहीत. मला वाटलं, राग आहे, निवळेल. पण तो राग नव्हताच. त्यांनी टायरबद्दल बोलणंच सोडलं. दुकानावर काम करायचे, सांगितलेलं तेवढं. चाक ओढतंय हे हाताला कळत असणार, पण मालकानं विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत, आणि विचारलं तर म्हणायचे, शोरूमला दाखवा. आई मला विचारायची, "ह्यांना काय होऊन राहिलं गं?" तिलाही मी खरं काय ते सांगितलं नाही. तो प्रयोगाचा नियमही पुढं बारगळला. ते मी बाबांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

दीड वर्षानं त्यांच्या छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली. टायर घासताना उडणारी रबराची भुकटी जन्मभर आत गेलेली. हिंगोलीला दवाखान्यात ठेवलं. मी मेडिकलवरून सुटले की तिथं जायचे. एका शनिवारी धीर करून मोबाइल काढला, आवाज बारीक केला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, माझं मन राखायला. मग म्हणाले, "तू पाय. मला काय समजतंय त्यातलं."

सलाइन बदलायला सिस्टर आली होती. वाशीमकडची पोरगी, रोज गावाहून स्कूटीनं ये-जा करणारी. आईशी बोलता बोलता तिला कळलं की बाबांचं टायरचं दुकान आहे. तिनं विचारलं, "काका, ऊन लई वाढलंय. टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमीच ठेवावं लागते ना?"

हा गैरसमज मोडण्यात बाबांची निम्मी हयात गेली होती. हवा कमी असली की टायर जास्त मुडपतो, जास्त तापतो आणि तेव्हाच फुटतो. या एका गोष्टीवरून त्यांनी अख्ख्या बाजाराशी भांडणं केली होती. जीपवाल्यांशी बोलणं टाकलं होतं. माझ्या मामाला जेवणाच्या ताटावर सुनावलं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"माझ्या पोरीला इचारा," बाबा म्हणाले. "तिला समजतं."

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. सिस्टर माझ्याकडं वळली. मी बाबांच्या डोळ्यांत बघत मुद्दाम, मोठ्यानं सांगितलं, "हो, उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा. चांगली कमी."

बाबांच्या कपाळावर एक आठी आली. ओठ हलले. मला वाटलं, आता. आता उठतील आणि माझी बिनपाण्यानं करतील.

"बराबर," ते म्हणाले आणि कूस बदलून घेतली.

त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले. पण त्या संध्याकाळी सिस्टर पुढच्या खोलीकडं निघाली तशी मी तिच्या मागं धावले. व्हरांड्यात तिला थांबवलं आणि सांगितलं, कमी करू नका, कंपनीनं सांगितली तेवढी पूर्ण हवा भरा, सकाळी गाडी गार असताना भरा, कमी हवेनंच टायर फुटतो. ती गोंधळली. "ताई, आत्ता तर तुमी उलटं सांगितलं. काहून?"

मी म्हणाले, "बाबांनी माझ्याशी भांडावं म्हणून."