आबांच्या खांद्यासाठी

चुलत्यांच्या मयतीला मी खांदा दिला आणि गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा पोहोचलो नाही. छातीचा भाता झाला आणि तिरडी माझ्या बाजूनं अशी कलली की मागच्यानं गिळलेली शिवी मला ऐकू आली. कोणीतरी मला बाजूला सारून खांदा घेतला. पुढे चुलतभाऊ विस्तवाचं मडकं धरून चालला होता, त्यानंही मान वळवून पाहिलं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, सणसवाडीच्या एका कारखान्यात टाइमकीपर. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपायच्या आणि कंपनीच्या बसनं शिरूरला परत यायचं, एवढीच माझी हालचाल.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. तरुणपणी मेंढरांमागं घोड नदीच्या काठापासून पार कोकणापर्यंत पायी गेलेला माणूस. ऐंशी ओलांडली तरी हातातली काठी फक्त कुत्र्यांसाठी. त्या दिवशी नदीवरून येऊन, अंघोळ करून ओट्यावर बसले आणि सगळ्या भावकीदेखत मला म्हणाले, "चुलत्याला वेशीपतूर नेता आलं न्हाई. मला नदीपतूर कोन नेनार हाय?"

भावकी हसली. मला ते फार लागलं. शिवाय भीतीही बसली, कारण आबांना मुलगा मी एकटाच. बापाची तिरडी आपल्या पायी वाटेत टेकली, तर पुढच्या दोन पिढ्या गाव तेवढंच सांगत बसेल, याची मला खात्री होती.

शिरूरमध्ये तेव्हा पंचेचाळिशीनंतरच्या लोकांना व्यायाम शिकवण्याचं नवंच खूळ आलं होतं. शिकवणारा जुना पैलवान. तालमीत होता तोवर त्याला वस्ताद म्हणायचे. ट्रॅकसूट चढवून गळ्यात शिट्टी अडकवल्यावर तो कोच झाला. बैठकांना स्क्वॉट म्हणायला शिकला, आणि तेवढ्यावर आम्ही तिघं त्याचे शिष्य झालो: मी, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक खताचा दुकानदार. हेडमास्तरांनी जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. आता त्याच शाळेच्या मैदानावर ते स्वतः काढत होते, फक्त कान न धरता. दुकानदाराकडे पोती उचलायला हमाल होते. पहाटे हा गडी वाळूचं पोतं पाठीवर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायचा आणि त्याचेच हमाल कुंपणापाशी बिड्या ओढत बघत राहायचे. व्यायाम झाला की स्टँडजवळ मिसळ. घाम गाळल्यावर तर्री बाधत नाही, असा तिघांचाही ठाम समज होता, आणि कोच तो कधी खोडून काढत नसे, कारण त्याची प्लेट आमच्याच टेबलावर असायची.

पहिल्या दिवशी कोचनं प्रत्येकाला त्याचा गोल विचारला. हेडमास्तर म्हणाले शुगर, दुकानदार म्हणाला पोट. मी म्हणालो, वडिलांना खांदा द्यायचाय. कोचनं एक कळक आणला, त्याला मधोमध वाळूचं पोतं लटकवलं, एक टोक माझ्या खांद्यावर दिलं, दुसरं दुकानदाराच्या. अख्ख्या शिरूरनं आमची ती मिरवणूक पाहिली. कोण गेलं म्हणून लोक विचारू लागले. दुकानदाराच्या बायकोनं हे अभद्र चाळे म्हणून नवऱ्याला आठवडाभर घरात बसवलं.

रविवारी गावी गेलो की आबा मला जवळ बोलवायचे आणि बाजारात बोकड चाचपावा तसा माझा खांदा चाचपायचे. अजून मऊच हाय, एवढाच त्यांचा निकाल. मी चिडायचो आणि सोमवारी पोत्यात आणखी वाळू भरायला सांगायचो. अशी काही वर्षं गेली. पोट गेलं, कंपनीच्या डॉक्टरनं रक्तदाबाच्या गोळ्या कमी केल्या, शिरूरहून गावापर्यंत मी चालत जाऊ लागलो. आबांचा निकाल मात्र बदलला नाही.

एका हिवाळ्यात, पहाटे झोपेतच आबा गेले. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर एक हुशारीही अंगात आली होती. हेडमास्तर, दुकानदार आणि कोच, तिघंही शिरूरहून आले होते. तिरडी बांधून झाली तसा मी धोतर खोचून सगळ्यांच्या आधी पुढच्या कळकापाशी उभा राहिलो. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात कळकावरून काढला आणि त्यात विस्तवाचं मडकं दिलं.

"तू म्होरं चाल," तो म्हणाला. "पोरगा इस्तू धरतो. खांदा बाकीच्यांनी द्यायचा."

इतक्या मयतींना गेलो होतो. चुलत्यांच्या पुढं त्यांचा मुलगा चालताना याच डोळ्यांनी पाहिला होता. तरी आबांच्या वेळी पुढं मीच असणार, हे इतक्या वर्षांत ना माझ्या डोक्यात आलं, ना हेडमास्तरांच्या, ना कोचच्या. खांदा शेवटी त्या तिघांनी दिला, चौथा चुलतभाऊ. तिरडी नदीपर्यंत तसूभरही कलली नाही. मी पुढं अनवाणी चालत होतो, रिकाम्या खांद्याचा, स्वतःवर चरफडत. नदीवर त्या खांद्यावर काही आलं, तर ते गळतं पाण्याचं मडकं.

घरी आल्यावर मी आईजवळ बसलो आणि म्हणालो, आबांचं काम मला करताच आलं नाही. आईनं पदरानं डोळे पुसले.

"त्येस्नी समदं ठावं हुतं," ती म्हणाली. "म्याच म्हनलं हुतं, पोराला खांदा द्यावा लागत न्हाई, सांगा त्येला. तर म्हनले, गप ऱ्हा. चालतोय तवर चालू दे."

सुतकात उगाच हिंडायचं नाही, असं भावकीनं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नदीच्या रस्त्यानं चालून आलो.