दोन म्हणजे कुणाचे दोन

अस्नाकेचने कोंबडीचा रस्सा पुन्हा ढवळला आणि पुन्हा गॅलरीत जाऊन आली. चौथ्या मजल्यावरून विमानतळ दिसणार होता थोडाच! अर्धं आयुष्य अदिस अबाबाच्या ऐन मधल्या वस्तीत इंजेऱ्याच्या आंबूस पोळ्या भाजून विकत तिने लेकीला नर्स केलं. पुढे वस्ती पाडली आणि शहराच्या पार टोकाला हे घर मिळालं. मिस्राकने ते पाहिलंही नव्हतं. सात वर्षांनी ती टोरांटोहून येणार होती, तीही केपटाऊनच्या नव्या नोकरीवर जाता जाता.

"दोनला पोचते, आई. बाहेरच थांब. दोन विमानांच्या मधे सहाच तास आहेत," असं काल विमानात चढताना ती फोनवर म्हणाली. मग वीज गेली ती गेलीच, आणि फोनही मेला.

इथे तास मोजतात ते उजाडल्यापासून. दोन म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. पण परदेशातले दोन म्हणजे आपले आठ, भर दुपार. इतकी वर्षं परक्या घड्याळावर उठणारी पोर आणखी कुठले दोन सांगणार? खरं तर विचारायला हवं होतं. पण आई अडाणी ती अडाणीच, असं लेकीला वाटलं असतं.

देजेने नावाचा खालचा टॅक्सीवाला दारात आला. "मावशी, वासाने अख्खा जिना उपाशी मरतोय. निघायचं कधी?"

"अरे, आत्ता कुठे पाच वाजतायत, ऊन डोक्यावरही आलं नाही. ती आठला येणार."

"टोरांटोचं सरळ विमान ना? साडेअकरा हजार किलोमीटर, तेरा तास. निघालं कधी?"

"ती चढत होती तेव्हा मी इथे दिवेलागणीचा कोळसा पेटवत होते."

देजेने बोटांवर तास मोजत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. "मावशी, दिवेलागणीपासून तेरा तास म्हणजे आज सकाळी आपला एक."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! ती कधीच उतरलीय!"

अस्नाकेचने पातेलं तसंच उचललं, इंजेऱ्याची चवड काखेत मारली. वाटभर ते मांडीवर हिंदकळत होतं, पांढऱ्या शालीवर लाल ओघळ येत होते. "हाक ना रे, बैलगाडी आहे का ही!" ती ओरडत होती. पुढे ट्रक, मागे ट्रक. आपली वाट बघून पोर आत निघून गेली असेल, या एका विचाराने तिचे पाय गाडीच्या तळाशी स्वस्थ राहीनात.

पार्किंगच्या कठड्यावर मिस्राक बॅगेला टेकून बसली होती. डोळे सुजलेले.

"कुठे होतीस गं? तुझा घोटाळा नको म्हणून मुद्दाम आपलं घड्याळ सांगितलं मी!"

"आणि मी मुद्दाम तुझं धरलं! म्हटलं, तू आता तिकडची झालीस."

"तिकडची?" मिस्राकचा आवाज फुटला. "विचारायचंस तरी!"

"तू सांगायचंस तरी!"

"दोघी शहाण्या," देजेने म्हणाला. "भांडायला फोन आहेत. अर्ध्या तासात आत जायचंय हिला."

त्याने गाडीच्या टपावर फडकं पसरलं. अस्नाकेचने पातेलं उघडलं. लेकीला काय काय विचारायचं होतं, त्यातलं एकही आठवेना. तिने इंजेऱ्यात मोठा घास गुंडाळून मिस्राकच्या तोंडात कोंबला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तिखट झालंय?"

मिस्राकने मान हलवली. तोंड भरलेलं होतं, बोलता येत नव्हतं. तोवर अस्नाकेच दुसरा घास गुंडाळू लागली होती.