पहिला तांब्या

माझ्या मुलीला आंघोळ कुणी घालायची, हे ती जन्मायच्या आधीच ठरलं होतं. पुण्याहून सासूबाई येणार होत्या. घरातली अकरा बाळं त्यांच्या पायांवर न्हाली होती, त्यातलं एक म्हणजे माझा नवरा. या बाराव्या बाळासाठी त्या दीड दिवस गाडीत बसून गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या. बॅगेत कपडे कमी आणि वेखंड, बाळंतशेपा, मसूरडाळीचं पीठ जास्त. शिवाय एक लाकडी पाट. कोलकात्यात पाट मिळत नाही असं त्यांना का वाटलं, ते मी विचारलं नाही.

माझ्या मदतीला एक मासी, म्हणजे कामाच्या मावशी, होत्या. सियालदहच्या लोकलने रोज सकाळी यायच्या. त्यांची आंघोळीची रीत अगदी सुटसुटीत होती. बाळाला मोहरीचं तेल लावून गॅलरीतल्या उन्हात निजवायचं, पाण्याचा गमला, म्हणजे टब, शेजारीच उन्हात ठेवायचा, कोपर बुडवून पाणी बघायचं आणि पाच मिनिटांत बाळ बाहेर. सासूबाईंनी हे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ही आंघोळ नव्हे, ही भाजी धुतली. मासी सासूबाईंच्या बादलीकडे बघून म्हणाल्या, या पाण्यात भात शिजेल. एकीला बंगाली येत नव्हतं, दुसरीला मराठी, आणि दोघींचं भाषांतर करता करता मी दोन्हीकडचं तिखट काढून टाकत होते.

शेवटी तह झाला. पाणी मासींनी विसणायचं, आंघोळ सासूबाईंनी घालायची. कोपरावर मात्र सासूबाईंचा विश्वास नव्हता, हातावर तर मुळीच नाही. चाळीस वर्षं तव्यावरची पोळी उलटून या हातांना चटका कळत नाही, असं त्या सांगायच्या. खरे ते पाय. पाटावर बसून पाय लांब करायचे, पहिला तांब्या बाळावर नाही, आपल्या पायांवर. जरा थांबायचं. पायांनी चालेल म्हटलं तर बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि दुसरा त्याच्या पाठीवर. त्या हे करायच्या तेव्हा मी टॉवेल घेऊन दारात उभी असायचे. तेलाने निसरडी झालेली मुलगी हातात धरायचा मला धीर नव्हता, आणि त्यांना तो इतका सहज होता याचा थोडा रागही यायचा. तसा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

जानेवारीतल्या एका सकाळी लोकल अडकून पडल्या. दहा वाजले तरी मासींचा पत्ता नव्हता. मुलगी तेल लावून तयार, भुकेने किरकिरत होती. सासूबाई म्हणाल्या, त्यात काय, मीच विसणते पाणी. त्यांनी गीझरचा नळ सोडला, थोडं गार घातलं, पाटावर बसल्या. पहिला तांब्या भरून त्यांनी आपल्या पायांवर ओतला, नेहमीसारख्या थांबल्या, मग मुलीला नडग्यांवर पालथं घेतलं आणि दुसऱ्याची धार तिच्या पाठीवर धरली.

ती रडली ते रोजचं रडणं नव्हतं. सासूबाईंनी तांब्या तिथेच टाकला. मी मुलीला ओढून घेतलं आणि गार नळाखाली धरलं. पाठीवर माझ्या तळव्याएवढं लाल झालं होतं. पाणी तसंच वाहू देत मी वळले आणि म्हणाले, "आई, तुम्हाला कळत नाही का हो?"

त्या पाटावरच बसून होत्या. पाय लांब केलेले तसेच होते.

समोरच्या इमारतीत एक बालरोगतज्ज्ञ बाई राहतात. त्यांनी पाठ तपासली, फोड नाही, लाली उतरेल, लगेच गार पाण्याखाली धरलंत ते बरं केलंत म्हणाल्या. दुपारपर्यंत लाली उतरलीही. मुलगी दूध पिऊन झोपली. माझा राग मात्र उतरेना. नवरा ऑफिसातून आला की त्याला काय सांगायचं ते मी मनात घोळवत होते, आणि त्यात पुण्याचं परतीचं तिकीटही होतं.

वाळत घातलेली दुपटी गोळा करून आत गेले तर सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, लुगडं नडगीच्या वर घेऊन. डाव्या नडगीवर लिंबाएवढा फोड टरारला होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या, कुणा दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तशा. कढत पाण्याचा तांब्या अख्खा त्यांच्या पायावर गेला होता. माझ्या मुलीच्या वाट्याला फक्त धार आली होती.

मी विचारलं, खूप दुखतंय का?

"नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

मग हळूहळू सांगितलं. साखरेचा आजार जुनाच होता, तो आम्हाला माहीत होता. पण गेली दोन वर्षं पायांना काही जाणवत नव्हतं. चप्पल पायातून निसटली तरी मागे वळून पाहिल्यावर कळायचं. हे त्यांनी कुणालाही, मुलालासुद्धा, सांगितलं नव्हतं. इतके दिवस पाणी मासी विसणत होत्या, म्हणून निभावलं.

"पाय गप्प बसले, मला वाटलं चालेल म्हणाले," त्या म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर बोलावलं असतंत का मला?"

नसतं बोलावलं. मी मलम आणायला उठले. फोडावर मलम लावताना मी फुंकर घालत होते आणि त्यांचा पाय स्वस्थ होता. सकाळचं माझं वाक्य आठवून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट दारामागे उभा करून ठेवला आणि मासींना खुणेने गमला आणायला सांगितलं. मी पाट काढला, मोरीत मांडला आणि पाय लांब करून बसले. म्हटलं, "आई, पाय माझे, हात तुमचे."

त्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. मासींनी पाणी विसणून कोपर बुडवलं. सासूबाईंनी पहिला तांब्या माझ्या नडग्यांवर ओतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी चालेल म्हटल्यावरच मुलीला माझ्या पायांवर निजवलं. एका हाताने तिला धरून त्या दुसऱ्याने पाणी घालू लागल्या, आणि मला कळलं की धीर हाताला सरावाने येतो.

नवऱ्याला सगळं सांगितलं, सासूबाईंसमोरच. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. फोड भरून आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पाय रोज कोमट पाण्याने धुवायचे, नीट पुसायचे, कुठे जखम नाही ना ते बघायचं, आणि पाणी दुसऱ्या कुणीतरी पारखायचं. सासूबाई मार्चअखेर परत जाईपर्यंत आमच्याकडे मुलगी न्हाऊन झोपली की त्यांची पाळी असे. त्या स्टुलावर बसायच्या, मी पाटावर. पहिला तांब्या मी माझ्या पायांवर ओतायचे आणि जरा थांबायचे. त्या माझ्या तोंडाकडे बघत असायच्या. मग दुसरा त्यांच्या पायांवर.